खिडकीतल्या दोन मनकर्णा

राहाता, ता. कोपरगाव
२० ऑगस्ट १९७२

व्याही राधाकृष्णराव गुंजाळ यांना राहात्याच्या मळ्यातून मच्छिंद्र सदाफळचा रामराम.

लग्न होऊन तीन महिने झाले. पहिलं पत्र तुमचं यायला हवं होतं. पण घड्याळजी माणसाला स्वतःसाठी वेळ नसतो असं ऐकून होतो, ते खरं निघालं. पुष्पावती मजेत आहे. तिची भाकरी अजून एका बाजूला पळते, पण आमच्या मनकर्णेचीही पहिली दोन वर्षं तशीच पळायची, तेव्हा छबूबाईंना म्हणावं, लेकीची काळजी करू नका.

आता कामाचं. लग्नात मानाच्या टोपी-उपरण्याबरोबर तुम्ही माझ्या हातात तो रशियन कॅमेरा ठेवलात, तेव्हा मांडवातली मंडळी अक्षता टाकायच्या विसरली होती. नाशिकच्या दुकानात असताना रशियन इंजिनियरचं घड्याळ तुम्ही चालू केलंत आणि त्यानं मायदेशी जाताना तो तुम्हाला दिला, ही हकीकत मी आजवर निदान चाळीस जणांना सांगितली आहे. बटण दाबलं की झाकण उघडतं आणि भिंग भात्यासकट पुढे येतं. एवढंच बघायला लोक मळ्यात येतात.

तुम्ही समजावलं होतं तसंच मी करतो. बारक्या खिडकीतून बघायचं, माणूस दोन दिसतो. भिंगाशेजारचं दातेरी चाक फिरवायचं, दोन्हींचा एक झाला की अंतर बरोबर लागलं, मग खटका. पंधरा ऑगस्टला स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून शाळेची प्रभातफेरी निघाली, ती काढली. पेरूची बाग काढली. मनकर्णेला तुळशीपाशी उभी केली आणि चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. दोनच्या दोन. एक काही होईना. एक मनकर्णा सांभाळताना आयुष्य गेलं, आता दोन घेऊन काय करू?

त्यात हल्ली तिची बडबड फार वाढली आहे. ‘उंबऱ्यात बादली ठिवलीय’, ‘पायरीवर मांजर बसलंय’, ‘शेळी मधीच बांधलीय’. घरात दवंडीवाला ठेवल्यासारखं वाटतं.

गहिनीनाथ कारखान्याच्या कामानं संगमनेरला येतो आहे. त्याच्याबरोबर कॅमेरा आणि रोल पाठवतो. जावयाला चहा पाजा आणि कॅमेरा सवडीनं बघा. ही तक्रार समजू नये.

आपला
मच्छिंद्र सदाफळ

~

संगमनेर
२८ ऑगस्ट १९७२

आदरणीय मच्छिंद्रराव,

आपलं पत्र मिळालं. ‘तक्रार समजू नये’ हे वाक्य छबूने मला तीनदा वाचायला लावलं आणि तिसऱ्या वेळी डोळ्याला पदर लावला. मुलीकडच्या माणसांना अशी वाक्यं जड जातात, आपण समजून घ्याल.

रोल इथल्या स्टुडिओत धुवून घेतला. एका रोलात आठ फोटो येतात, आठही पुसट आले आहेत. प्रभातफेरीत पोरं आहेत एवढं कळतं, कोण आहेत ते कळत नाही. कॅमेरा मी स्वतः उघडला. काचा पुसल्या, भात्याला भोक नाही ना ते दिव्यावर धरून पाहिलं. दुकानासमोरच्या बोळात फीत टाकून सहा, दहा आणि वीस फुटांवर खडूच्या खुणा केल्या आणि तिथे शेजारच्या शिंप्याला उभं केलं. तिन्ही ठिकाणी दोन शिंप्यांचा एक शिंपी बिनचूक झाला. मला दोष सापडला नाही. म्हणून दोष नाहीच असं मी म्हणत नाही. आपण सांगता तर असणारच.

एक मनात आहे ते लिहितो. लग्नात आमच्याकडून मानात काही कमी राहिलं असेल तर मोकळेपणानं कळवावं. माझ्याकडे एक चांगलं मनगटी घड्याळ आहे, ते आपल्याला शोभेल. दिवाळीला घेऊन येतो. पुष्पाला मात्र या कॅमेऱ्यावरून कुणी काही बोलू नये, एवढी हात जोडून विनंती.

कॅमेरा तपासून, नव्या रोलसह परत पाठवत आहे.

आपला नम्र
राधाकृष्ण गुंजाळ

~

राहाता
२५ सप्टेंबर १९७२

राधाकृष्णराव,

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस जेवलो नाही, असं लिहिणार होतो. पण जेवलो. राग मात्र आला, तो अजून आहे.

मी कॅमेरा नीट करून मागितला, तुम्ही मला घड्याळ देऊ करता. मी काय घड्याळासाठी रुसलेला वरबाप आहे? लग्नात मी नारळ आणि सुपारीशिवाय काही मागितलं का, आठवा. कॅमेरा तुम्ही आपणहून दिलात आणि मी तो पोरासारखा हरखून घेतला. तुमची मुलगी इथे बोलणी खाते असं तुम्हाला वाटलंच कसं? या घरात बोलणी मी खातो. सासूची वेगळी, सुनेची वेगळी. छबूबाईंनी डोळ्याला पदर लावला हे वाचून मात्र वाईट वाटलं. त्यांना सांगा, मच्छिंद्र सदाफळ फटकळ आहे, पण लेकीच्या बापाला नाडणारा नाही.

कॅमेरा तुमच्या हाताखालून आला तरी तसाच आहे. उलट परवा तीन मनकर्णा दिसल्या. शिंपी एक होतो आणि माझी बायको होत नाही, याला काय म्हणावं? रोल संपवला आहे, सोबत पाठवतो.

मला घाई का आहे तेही सांगतो. पाऊस नाही. भंडारदऱ्यात पाणी नाही, पाटाला आवर्तन नाही. विहिरीत दिवसाकाठी दोन मोटा निघतात, त्यात चारशे झाडं कशी जगवायची? बाग माझ्या हातची आहे, वीस वर्षांची. झाडं उभी आहेत तोवर एक फोटो हवा, आणि तो स्वच्छ हवा. एवढंच मागणं.

मच्छिंद्र सदाफळ

~

संगमनेर
१५ ऑक्टोबर १९७२

आदरणीय मच्छिंद्रराव,

प्रथम क्षमा मागतो. घड्याळाचं लिहिलं ती माझी चूक. तीस वर्षं लोकांच्या तक्रारी ऐकून मला प्रत्येक तक्रारीमागे दुसरी तक्रार दिसायला लागली आहे. आपल्या पत्रात ती नव्हती. छबूला पत्र वाचून दाखवलं, ती ‘वरबाप’ शब्दावर हसली, मग पुन्हा रडली, पण हे रडणं बरं होतं.

आता दुसरा रोल. आठ फोटो. सात पुसट. एक मात्र असा आला आहे की स्टुडिओवाल्यानं तो स्वतःच्या काचेत लावू का म्हणून विचारलं. त्यात आपण खाटेवर बसला आहात, पायाशी कुत्रं आहे, आणि आपल्या मिशीचा एकेक केस मोजता येतो. हा फोटो आपण काढलेला असणं शक्य नाही, कारण आपण त्यात बसला आहात. कुणी काढला ते विचारत नाही. पण कॅमेरा तोच, रोल तोच, दिवसही बहुधा तोच. यंत्रात दोष असता तर तो माणूस बघून आला नसता.

मी डोळ्याला भिंग लावून पोट भरणारा माणूस आहे, डोळ्यांचं भय मला इतरांपेक्षा जास्त. म्हणून एक करा. येत्या रविवारी कोजागरी आहे. दिवेलागणीला चंद्र वर आला की अंगणात उभे राहा. डावा डोळा हातानं झाका आणि उजव्यानं चंद्र पाहा. मग उजवा झाका आणि डाव्यानं पाहा. किती चंद्र दिसतात तेवढं मला कळवा. दुसरं काही लिहू नका. पण खरं लिहा.

आपला
राधाकृष्ण

~

राहाता
२४ ऑक्टोबर १९७२

रा. रा. राधाकृष्ण गुंजाळ यांस,

चंद्र पाहिला. एकच आहे. सगळ्या जगाला एकच असतो.

तुमचा कॅमेरा बांधून परत पाठवत आहे. हौस फिटली. यापुढे या विषयावर पत्र नको.

म. सदाफळ

~

राहाता
१ नोव्हेंबर १९७२

तीर्थरूप दादांना पुष्पाचा नमस्कार,

हे पत्र मी लिहिलंय हे मामांना कळता कामा नये. ह्यांनाही सांगितलेलं नाही. दुपारी सगळे पडले आहेत तेव्हा लिहिते आहे.

मामा तुम्हाला खोटं बोलले. कोजागरीच्या संध्याकाळी ते अंगणात उभे राहिले, एक डोळा झाकला आणि बोट हवेत नाचवत काहीतरी मोजायला लागले. मी दारात होते. मला हाक मारली आणि म्हणाले, “पुष्पे, तुला किती दिसत्यात?” मी म्हटलं, काय मामा? म्हणाले, “काय न्हाई. जा आत.” मग दुसरा डोळा झाकला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. त्या डोळ्यानं त्यांना बहुतेक काहीच दिसत नाही. चहाची बशी ते हातानं चाचपून घेतात. पेरू पिकलाय की कच्चा ते वासावरून सांगतात आणि लोक वाहवा करतात.

खाटेवरचा फोटो मी काढला. मामांनीच शिकवलं होतं. मला पहिल्या झटक्यात दोनाचा एक झाला, पण मी बोलले नाही.

आणि दादा, आत्याबाईंना सगळं ठाऊक आहे. मला वाटायचं, ही बाई दिवसभर एवढं का बोलते? ‘बादली ठिवलीय’, ‘मांजर बसलंय’. परवा मामा गावात गेले होते तेव्हा पायरीवर सूप होतं आणि आत्याबाई अक्षरही बोलल्या नाहीत, मुकाट्यानं ओलांडून गेल्या. मामा फाटकात आले तशा लगेच सुरू झाल्या. मी त्यांना विचारलं. म्हणाल्या, “दोन वरीस झाली. त्यांना वाटतंय मला कळत न्हाई. कळतंय म्हनलं तर खचतील. मग म्या आपली बडबडते.” पाण्याचा तांब्या त्या रोज त्याच फरशीवर ठेवतात. मी एकदा हलवला तर मला रागावल्या होत्या, तेव्हा मला वाईट वाटलं होतं.

डॉक्टरचं नाव काढलं की मामा उठून बागेत जातात. का ते आत्याबाईंनाही माहीत नाही.

कॅमेरा पाठवायला मामांनी माझ्याकडे दिला, तो मी माझ्या पेटीत ठेवला आहे. दिलेली वस्तू परत आली तर तुम्हाला किती लागेल ते मला माहीत आहे.

तुमची
पुष्पा

~

संगमनेर
१९ नोव्हेंबर १९७२

आदरणीय मच्छिंद्रराव,

या विषयावर पत्र नको असं आपण लिहिलंत. व्याह्याचा शब्द मोडतो आहे, राग येईल तो मान्य आहे.

चंद्र एकच दिसला हे मी मानलं नाही. माझ्याकडे लोक बंद घड्याळ आणतात आणि म्हणतात, कालपर्यंत चालू होतं. आत पाहावं तर वर्षाचा गंज. घड्याळाची लाज वाटायचं कारण नसतं, तरी लोकांना वाटते.

आपल्या डोळ्यांत मोतीबिंदू असावा. जानेवारीत संगमनेरच्या मंगल कार्यालयात डोळ्यांचं शिबिर आहे. मुंबईहून डॉक्टर येतात. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या बनुबाईंचा डोळा केला, आता त्या सुईत दोरा ओवतात. मी आपलं नाव देऊन आलो आहे. न विचारता दिलं. खोडायचं असेल तर आपण स्वतः येऊन खोडा.

राधाकृष्ण

~

राहाता
१० डिसेंबर १९७२

राधाकृष्णराव,

तीन आठवडे मी तुमच्यावर चिडून पाहिलं. जमत नाही. तुम्ही दिलेलं माझं नाव खोडायला संगमनेरपर्यंत यायचं तर एसटीची पाटी वाचता यायला हवी, तीही वाचता येत नाही. हे पत्र मीच लिहितो आहे, पण ओळी कुठे चालल्या आहेत ते बोटानं बघत. वाकड्या असतील.

उजव्या डोळ्याला पाच चंद्र दिसले. डाव्याला एकही नाही, नुसता धूर.

आणि कॅमेरा पुष्पाच्या पेटीत आहे हे मला ठाऊक आहे. त्याच्या चामड्याचा वास पेटीबाहेर येतो. डोळे गेले म्हणून नाक गेलेलं नाही.

तुम्हाला वाटत असेल, म्हातारा चिरफाडीला घाबरतो. घाबरतो, पण का ते मी मनकर्णेलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो. समोरासमोर सांगता आलं नसतं.

मी बारा वर्षांचा होतो. माझी आई आक्काबाई, तिच्या डोळ्यांत पडदा आला. राहात्याच्या बाजारात एक फिरता डोळेवाला यायचा, सुईनं पडदा काढायचा. बापानं त्याला घरी आणला. आईला अंगणात भिंतीला टेकून बसवलं. डोळेवाल्यानं मला तिच्या डोक्यामागे बसवलं आणि म्हणाला, “पोरा, डोकं घट्ट धर. हाललं तर तुझ्या आईचं डोळं जात्याल.” मी धरलं. पहिला डोळा झाला. दुसऱ्याला सुई टेकवली आणि आईनं असा काही आवाज काढला की माझे हात सुटले. पळभरच. मी लगेच पुन्हा धरलं.

आईला दिसलं. पट्टी काढली तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाली, “किती वाढलास रं.” महिनाभर तिला दिसलं. मग डोळे लाल झाले, ठणकायला लागले, आणि एकामागून एक दोन्ही गेले. डोळेवाला पुन्हा त्या बाजारात दिसला नाही. घरात मला कुणी काही म्हणालं नाही. पण हात सुटले ते माझे. मला अजून तळहातात तिचं डोकं लागतं.

आता माझ्या डोळ्याशी सुई आली तर माझं डोकं कोण धरणार? गहिनीनाथ? त्याला आयुष्यभर हे द्यायचं का? त्यापेक्षा धूर बरा.

एवढंच होतं. बाग निम्मी वाळली आहे असं म्हणतात.

मच्छिंद्र

~

संगमनेर
१६ डिसेंबर १९७२

प्रिय मच्छिंद्रराव,

आपलं पत्र वाचलं आणि दुकानाची फळी ओढून घरी आलो. छबूला काही सांगितलं नाही. ही गोष्ट माझ्याकडेच राहील.

पत्राचं उत्तर देण्याआधी मी गेल्या वर्षीच्या शिबिरात राबलेल्या माणसांकडे जाऊन आलो. नुसता धीर देणारं पत्र मला लिहायचं नव्हतं. ऐका. डोकं कुणीही धरत नाही. डोळ्याशेजारी सुई टोचून तो बधिर करतात, मग काही कळत नाही. नंतर खाटेवर निजवतात आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळू भरलेल्या पिशव्या लावतात. पाच दिवस मान हलवायची नाही. धरायचं काम वाळूचं. गहिनीनाथला आत येऊसुद्धा देत नाहीत.

त्या पाच दिवसांत खाटेशेजारी मी बसेन. दुकान बंद ठेवीन. लोकांची घड्याळं पाच दिवस थांबली तर संगमनेर थांबत नाही.

संक्रांतीच्या आधी या.

तुमचा
राधाकृष्ण

~

संगमनेर
१६ जानेवारी १९७३

चि. पुष्पास अनेक आशीर्वाद,

काल तुझ्या मामांचा डावा डोळा झाला. डॉक्टर म्हणाले, छान झाला. आत जाताना त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की अंगठीचा वळ अजून आहे. बाहेर आले ते दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधून, स्ट्रेचरवर, आणि पहिलं वाक्य म्हणाले, “व्याही, पिशव्यांत वाळू प्रवरेचीच हाय ना? गोदावरीची असंल तर मला चालंल, पर सांगा.” शेजारच्या खाटेवरचा म्हातारा हसायला लागला तर परिचारिका दोघांवर रागावली. हसायचं नाही, खोकायचं नाही, शिंकायचं नाही, आणि रडायचं तर मुळीच नाही. टाके ताजे आहेत. पुढचे सहा आठवडे डोळ्यात पाणी आणायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आहे.

मनकर्णाबाई दिवसभर खाटेशी बसून असतात. तू लिहिलं होतंस त्या फार बोलतात म्हणून. इथे त्या एक शब्द बोलत नाहीत. निजलेल्या माणसाला अडखळायला काही नसतं. त्या नुसत्या त्यांच्या पायावर हात ठेवून बसतात.

मला मामांना एक गोष्ट सांगायची आहे. काल डॉक्टरांना एकटं गाठून विचारून घेतली. सांगायला जीव तुटतो आहे, पण ऐकून ते रडतील. म्हणून सहा आठवडे तोंड बंद ठेवणार आहे. तुलाही सांगत नाही.

तुझा
दादा

~

राहाता
४ मार्च १९७३

राधाकृष्णराव,

ओळी सरळ आहेत का ते बघा.

मनकर्णा तर पट्टी सुटायच्या आधीच घरी परतली होती; मी सहा आठवडे तुमच्याकडे काढून संगमनेरहून चष्मा लावून निघालो. डाव्या बाजूला हे जाड भिंग, उजव्या बाजूला धुरकट काच. एसटीत बसल्यावर आधी कंडक्टरच्या नाकावरचा तीळ दिसला, मग तिकिटावरचा आकडा, मग रस्ताभर खडी फोडणारी माणसं. इतकी माणसं दुष्काळी कामावर आहेत हे मी कानानं ऐकून होतो. डोळ्यानं वेगळं असतं.

बाग मी समजत होतो त्याहून वाईट आहे. दीडशे झाडं राहिली असतील. पोरांनी मला निम्मी सांगितली होती. विहिरीपाशी बसलो थोडा वेळ. डोळ्यात पाणी आणायचं नाही म्हणून उठून आलो.

घरात आलो तर चुलीपुढे एक म्हातारी बसली होती. राधाकृष्णराव, मनकर्णा म्हातारी झाली आहे. मला कुणी सांगितलंच नाही. केस भांगापासून पांढरे झाले आहेत, कपाळावरचं गोंदण सुरकुतीत गेलं आहे, दंड काडीसारखे. मी ज्या बाईबरोबर राहत होतो ती चाळिशीची होती. ही कधी आली? मी बघत राहिलो. ती म्हणाली, “काय बगताय येवढं?” म्हटलं, तुला. “मग बगा की,” म्हणाली आणि भाकरी उलटायला वळली. पण भाकरी करपली, तिच्या हातून पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

पुष्पानं पेटीतून कॅमेरा काढून दिला. खिडकीतून पाहिलं, चाक फिरवलं, मनकर्णा एक झाली. खटका दाबला. फार काही वाटलं नाही. खिडकीतून बघण्यापेक्षा तशीच बघावीशी वाटली.

तिची बडबड थांबली आहे, आणि ती का होती ते पुष्पानं मला सांगितलं. पायरी उतरताना आता मीच सवयीनं ‘पायरी हाय’ म्हणतो.

कॅमेरा सदोष म्हणून मी तुम्हाला चार महिने छळलं. तुम्ही मानलं नाहीत, हे उपकार.

मच्छिंद्र

~

संगमनेर
१२ मार्च १९७३

प्रिय मच्छिंद्रराव,

ओळी माझ्यापेक्षा सरळ आहेत.

परवा डॉक्टर तपासणीला आले होते. मी विचारलं, राहात्याच्या सदाफळांना आता रडायला हरकत नाही ना? त्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं, पण म्हणाले, नाही, डोळा पक्का झाला आहे. तेव्हा आता लिहितो. दोन महिने हे माझ्या पोटात आहे.

आपल्या ऑपरेशनच्या दिवशी मी डॉक्टरांना आक्काबाईंची सगळी हकीकत सांगितली. नाव न घेता. बारा वर्षांचा मुलगा, त्याचे हात सुटले, असंही सांगितलं. त्यांनी मला कागदावर डोळ्याचं चित्र काढून समजावलं. ते फिरते लोक मोतीबिंदू बाहेर काढत नसत. सुईनं डोळ्यातच मागे ढकलून देत. वाट मोकळी झाली की लगेच दिसायचं, लोक खूश व्हायचे, तो पैसे घेऊन पुढच्या गावाला जायचा. पण ढकललेला मोतीबिंदू आत तसाच, सुईही उकळलेली नसायची. मग महिन्या-दोन महिन्यांत डोळा सुजायचा आणि जायचा. असे किती तरी डोळे मी पाहिले आहेत, म्हणाले.

मी विचारलं, आणि मुलानं हात सोडले नसते तर?

ते म्हणाले, “हात सुटले ते दुसऱ्या डोळ्याच्या वेळी ना? मग पहिला डोळा का गेला?”

मच्छिंद्रराव, हे आपण मला स्वतःच्या पत्रात लिहिलं होतंत. एकामागून एक दोन्ही गेले, असं. मी ते दहा वेळा वाचलं आणि मलाही दिसलं नाही. पहिल्या डोळ्याच्या वेळी आपण डोकं नीट धरलं होतं. पळभरही सोडलं नव्हतं. तरी तो गेला. दोन्ही जाणारच होते. ते आपल्या हातात कधी नव्हतंच.

तिथे मी नाही, याचं आज वाईट वाटतं.

राधाकृष्ण

~

राहाता
१८ मार्च १९७३

राधाकृष्णराव,

पत्र मी स्वतः वाचलं. बागेत नेऊन वाचलं. मग मनकर्णेला हाक मारली, तिला शेजारी बसवलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. आईची गोष्ट तिला पस्तीस वर्षांत पहिल्यांदा कळली. तुम्ही दिलेली परवानगी आम्ही दोघांनी वापरली. चष्मा काढून ठेवावा लागला.

एक राहिलं होतं ते लिहितो. डोळे गेल्यावर आई अकरा वर्षं जगली. चालायची ती माझ्या खांद्यावर हात ठेवून. थोरला भाऊ होता, दोन बहिणी होत्या, पण दुसऱ्या कुणाचा खांदा तिला चालत नसे. नदीवर जायचं असो की देवळात, दारात उभी राहून विचारायची, “मच्छू कुठं हाय?” मला वाटायचं, माझ्या हातून झालं म्हणून ती मला रोज तेवढी शिक्षा देते आहे. मी मुकाट्यानं खांदा पुढे करायचो. ती तोंडानं कधी काही बोलली नाही, त्यामुळे तर मला ते जास्तच खरं वाटायचं. अकरा वर्षं मी तिच्यापुढे मान खाली घालून चाललो.

काल बागेत मनकर्णा म्हणाली, “अवो, त्यांना तुमच्यासंगं चालाया आवडत आसंल.”

मच्छिंद्र